आजोबांच्या कपाटाचे वय किती? जुन्या सागवानी फर्निचरची पारख

प्रतिनिधी, नांदेड/लातूर

वाडा पाडून तेथे इमारत बांधायची ठरली, की गवंडी येण्याआधी दारात उभा राहतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. तुळया, खांब, चौकटी तो घनफुटाने मोजतो. कपाट, पलंग, बंगई, पेटारा यांना मात्र उक्ता भाव सांगतो. घरमालकाला आपल्या वस्तूविषयी एवढेच ठाऊक असते, की ती 'आजोबांच्या काळातली' आहे. व्यापाऱ्याला त्याहून बरेच अधिक ठाऊक असते. कंधार, देगलूर, औसा, उदगीर येथील जुन्या वस्त्यांतून गेल्या काही दशकांत जे लाकूडसामान बाहेर पडले, त्यातील मोठा भाग या अज्ञानाच्या किमतीत गेला असावा. याच्या उलट प्रकारही घडतो. शहरातील शोरूममध्ये 'निजामकालीन' म्हणून मांडलेली वस्तू कालपरवा तयार झालेली असू शकते.

जुन्या फर्निचरची पारख ही काही जादू नव्हे. लाकडाचा पोत, हत्याराच्या खुणा, खिळ्याचा आकार, मागच्या बाजूला रंगवलेला एखादा क्रमांक आणि वर चढवलेले पॉलिश या पाच गोष्टी नीट पाहिल्या, तर सामान्य माणसालाही वस्तूचे वय दहा-वीस वर्षांच्या अंतराने सांगता येते. त्यासाठी एक टॉर्च, एक भिंग, थोडा कापूस आणि बराचसा धीर एवढेच साहित्य पुरते.

तीन वयांचा हिशेब

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. लाकडी वस्तूला एक वय नसते, तीन असतात. पहिले लाकडाचे, दुसरे घडणीचे आणि तिसरे पॉलिशचे. वाड्याचा शंभर वर्षांपूर्वीचा खांब कापून मागील वर्षी जेवणाचे टेबल केले, तर लाकूड जुने आहे, वस्तू मात्र नवी. उलट १९३० च्या सुमारास घडवलेल्या कपाटाला गेल्या दिवाळीत मेलामाइनचे पॉलिश मारले, तर वस्तू जुनी आणि चकाकी नवी. 'सागवान जुने आहे' हे विक्रेत्याचे वाक्य खरे असूनही ग्राहकाची फसवणूक होते, ती या तीन वयांची सरमिसळ केल्यामुळे. म्हणून प्रत्येक खूण पाहताना ती कोणत्या वयाची साक्ष देते, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आधी लाकूड ओळखा

मराठवाड्यात जुन्या काळी चांगले फर्निचर म्हणजे साग, हे समीकरण होते. त्याला भूगोल कारणीभूत आहे. किनवट-माहूर आणि त्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या जंगलांत साग नैसर्गिकरीत्या वाढतो. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवटचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. तेथील लाकूड बैलगाड्यांतून गोदाकाठच्या बाजारांत येई. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने नांदेड जोडले गेले आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला पोहोचली. त्यानंतर दूरचे लाकूड आणि तयार सामानही या बाजारांत येणे सोपे झाले. मुंबई बंदरात उतरणारा ब्रह्मदेशचा साग त्यातलाच. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर हा पुरवठा तुटला. त्यामुळे मूळ 'बर्मा टीक'ची घरगुती वस्तू दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असण्याची शक्यता बरीच असते. युद्धानंतर ती आयात पुन्हा होऊ लागली असल्याने हा निर्णायक पुरावा मात्र नव्हे.

साग ओळखण्यासाठी वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला चाकूच्या टोकाने केसभर खरवडावे. सोनेरी तपकिरी रंग, बोटांना जाणवणारा किंचित मेणचट स्निग्धपणा आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास ही सागाची लक्षणे होत. फळीच्या तोडलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिल्यास प्रत्येक वार्षिक वर्तुळाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसते. शिसव जांभळट तपकिरी असून त्यात काळसर रेघा असतात आणि ते लक्षात येण्याइतके जड असते. एक घनफूट वाळलेला साग साधारण १८ ते २० किलो भरतो, शिसव २४ किलोच्या आसपास, तर अंजनाचे लाकूड ३० किलोपर्यंत जाते आणि पाण्यात बुडते. बिबल्याचा भुसा पाण्यात टाकला, की पाण्याला पिवळा रंग आणि निळसर झाक येते. आंब्याचे लाकूड फिकट, त्याची वर्तुळे अस्पष्ट आणि त्याला किडीचे भय अधिक. बाभळीचा उपयोग गाडी, नांगर, बाजेचे खूर अशा राबत्या वस्तूंत होई.

जंगलातील साग सावकाश वाढतो. किनवटसारख्या कोरड्या पट्ट्यात तर एका इंचात अनेक बारीक वर्तुळे दाटीने बसलेली आढळतात. हल्ली आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडींतून जो साग आयात होतो, त्याची वर्तुळे बहुधा रुंद आणि रंग फिका असतो. फळीची रुंदीही बोलकी असते. दीड-दोन फूट रुंदीची एकसंध सागवानी फळी आज क्वचितच मिळते. जुन्या कपाटांच्या दारांत आणि पेटाऱ्यांच्या झाकणांत ती सहज सापडते.

सागाच्या वर्तुळांना वैज्ञानिक महत्त्वही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या वर्तुळांवरून गतकाळातील पावसाचा अभ्यास केला आहे. एका फळीवरून घरच्या घरी वर्ष काढणे मात्र शक्य नाही. आणि ते काढता आले, तरी ते झाडाचे वय असेल, कपाटाचे नव्हे.

हत्यारांच्या खुणा

कपाट भिंतीपासून ओढावे आणि त्याची पाठ पाहावी. सुताराने दर्शनी भाग रंध्याने गुळगुळीत केलेला असतो, परंतु पाठीवर आणि ड्रॉवरच्या तळाला तो श्रम खर्च करत नसे. तेथे त्याच्या हत्यारांचे हस्ताक्षर शिल्लक राहते.

पूर्वी ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर व एक खाली उभा राहून लांब करवतीने फळ्या चिरत. या करवतीच्या रेघा सरळ, पण थोड्या तिरप्या आणि एकमेकींशी असमांतर असतात. फळीची जाडीही एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त भरते. यंत्रावरील गोल करवत फळीवर धनुष्याकृती चाप सोडते. पट्ट्याच्या करवतीच्या रेघा सरळ, परंतु मोजून काढल्यासारख्या समान अंतरावर असतात. हाताने मारलेल्या रंध्याच्या पृष्ठभागावरून तिरपी टॉर्च धरली, की हलक्या लाटा दिसतात. यंत्राच्या रंध्याच्या लाटा बारीक व एकसारख्या असतात. वाकसाने तासलेल्या तुळईवर उथळ खवले उमटलेले असतात.

यंत्रकामाची खूण म्हणजे वस्तू नवी आणि हातकामाची खूण म्हणजे वस्तू जुनी, असा सरळ हिशेब मात्र करू नये. खेड्यातील सुतार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही हाताने फळ्या चिरत होता. यंत्राची खूण वस्तूला 'याच्या आधीची नाही' अशी मर्यादा घालते. हाताची खूण अशी मर्यादा घालत नाही.

खिळे, स्क्रू आणि सांधे

लोहाराने ठोकून केलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि ओबडधोबड डोक्याचा असतो. तारेपासून यंत्रावर बनलेला गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरला. अणकुचीदार टोकाचे कारखानी स्क्रू त्याच शतकाच्या मध्यापासून मिळू लागले. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असे. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला 'फिलिप्स' स्क्रू १९३० च्या दशकातील अमेरिकी शोध आहे. एखाद्या 'एकशे वीस वर्षांच्या' कपाटाच्या सर्व बिजागऱ्या अशा स्क्रूंनी बसवल्या असतील, तर दोनच शक्यता उरतात. एक तर बिजागऱ्या नंतर बदलल्या आहेत, किंवा वय फुगवून सांगितले आहे. कोणती शक्यता खरी, हे बिजागरीभोवतीचे लाकूड सांगते. जुनी बिजागरी काढल्याच्या रिकाम्या छिद्रांच्या व वेगळ्या आकाराच्या खाचेच्या खुणा दिसल्या, तर ती दुरुस्ती समजावी.

लोखंडी खिळा लाकडात दीर्घकाळ राहिला, की त्याच्याभोवती काळपट डाग पसरतो. हा डाग लाकडाच्या आत खोलवर गेलेला असतो. वरून फासलेला काळा रंग केवळ पृष्ठभागावर राहतो.

चांगला सुतार खिळ्यावर फारसा विसंबत नसे. चौकटीचे सांधे एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची कुसू बसवून आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकून पक्के केले जात. कालांतराने चौकट आकसते आणि खुंटीचे डोके पृष्ठभागापेक्षा किंचित वर आलेले बोटाला लागते. ड्रॉवरच्या कोपऱ्यांतील पंख्यासारखे उलगडणारे 'डोव्हटेल' दाते पाहावेत. हाताने कापलेले दाते लहान-मोठे असतात आणि त्यांच्या मुळाशी सुताराने आखलेली रेघ राहिलेली असते. यंत्राचे दाते एका मापाचे असतात.

मागची फळी प्लायवूडची असेल, तर ती एक तर नंतर बसवलेली किंवा कपाट फार जुने नव्हे, असे समजावे. आपल्याकडील घरगुती फर्निचरमध्ये प्लायवूड सर्रास वापरले जाऊ लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

फसली, हिजरी, शक की संवत?

मराठवाड्यातील फर्निचरची कालनिश्चिती करताना एक अशी खूण मिळू शकते, जी पुण्या-मुंबईच्या वस्तूंवर सहसा आढळत नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. कचेरी, शाळा, दवाखाना येथील टेबल-खुर्च्यांवर रंगाने नोंदक्रमांक घालण्याची पद्धत सरकारी जगात जुनी आहे. लिलावात निघालेले असे सामान पुढे घराघरांत पोहोचते. खुर्चीच्या बैठकीखाली किंवा कपाटाच्या पाठीवर उर्दू अंकांतील क्रमांक असेल, तर ती १९४८ पूर्वीची असण्याचा तो बळकट पुरावा ठरतो. मराठीतील 'जडवस्तू संग्रह' किंवा 'डेडस्टॉक' असा शेरा बहुधा १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतरचा. एकाच खुर्चीवर दोन्ही नोंदी सापडल्या, तर तिने दोन राजवटी पाहिल्या असे खुशाल म्हणावे.

सालाचा आकडा असल्यास अधिक सावध राहावे. निजामी कारभारात फसली सन चाले आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले, की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो आकडा मिळतो. फसली १३४५ म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. हाच आकडा हिजरी सनाचा असेल, तर तो १९२६-२७ चा ठरतो, म्हणजे नऊ वर्षांचा फरक. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि त्यासाठी कोष्टक पाहावे लागते. सरकारी वस्तूवर फसली, तर दर्गा-मशिदीला अर्पण केलेल्या वस्तूवर हिजरी असण्याचा संभव अधिक.

हिंदू घरातील देव्हाऱ्यावर किंवा पाळण्यावर शक असेल, तर ७८ मिळवावेत. व्यापारी पेढीवरील गल्ला व उतरत्या डेस्कवर विक्रम संवत असेल, तर ५७ वजा करावेत. शक १८५७ आणि संवत १९९२ ही दोन्ही मोटामोटी १९३५ चीच साले. एकाच गंज बाजारात अशी चार पंचांगे नांदत होती, हे मराठवाड्याचे वैशिष्ट्य त्याच्या लाकडावरही उमटले आहे.

चकाकीची भाषा

आता तिसरे वय, पॉलिशचे. सामान्य घरातील खांब, चौकटी, पाट यांना पूर्वी पॉलिश नसेच. त्यांना तेल पाजले जाई. जवस हे मराठवाड्याचे जुने पीक. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, म्हणून ते लाकडासाठी उत्तम. वर्षानुवर्षे तेल, धूर आणि हातांचा स्पर्श यांमुळे लाकडावर जो गडद थर चढतो, तो कोणत्याही डब्यात मिळत नाही.

कातलेल्या वस्तूंची तऱ्हा निराळी. पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे चरकावर फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाई. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाल, पिवळे, हिरवे पट्टे उमटत. सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाखकाम याच कुळातले.

कपाट, टेबल, आरामखुर्ची या बैठकीच्या खोलीतील वस्तूंवर असे ते चपड्याचे पॉलिश. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणारा लाखेचा किडा जो राळेसारखा पदार्थ स्रवतो, तो शुद्ध करून पातळ पापड्या केल्या, की चपडा तयार होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवून, कधी त्यात चंद्रस घालून, कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवत. याला युरोपात 'फ्रेंच पॉलिश' हे नाव मिळाले, तरी त्यातील लाख प्रामुख्याने भारतातूनच जात होती.

याबाबत अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. १८८० ते १९२० या काळात तेथील कारखान्यांनी ओक लाकडाचे फर्निचर अमाप बनवले आणि 'सिअर्स'सारख्या कंपन्यांनी ते टपाली कॅटलॉगद्वारे शेतकऱ्यांच्या घरांत पोहोचवले. आज तेथील संग्राहक जुन्या ओकची पारख करताना आपल्यासारख्याच खुणा पाहतात. ओकची फळी गाभ्याच्या दिशेने उभी चिरली, की तिच्यावर चंदेरी चट्टे चमकतात. सागात तसे रुंद चट्टे नसतात, हा दोहोंतील ठळक भेद. 'अमेरिकन ओक'चा पातळ पापुद्रा चिकटवलेले आधुनिक फर्निचर आता आपल्याकडेही विकले जाते, म्हणून हा भेद ठाऊक असलेला बरा. त्या काळच्या अमेरिकी ओकवरील चकाकीही बऱ्याच अंशी भारतीय लाखेचीच होती. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजचे फवारणीचे लॅकर निघाले आणि कारखान्यांतून लाख मागे पडली.

आपल्याकडे चपड्याने अधिक काळ तग धरला. मेलामाइन पॉलिशचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतला आणि पॉलियुरेथेन म्हणजे 'पीयू' त्यानंतरचे. त्यामुळे जुन्या कपाटावर चपडा सापडला, तर ते पॉलिश मूळचे असू शकते. मेलामाइन सापडले, तर कोणीतरी नंतर हात फिरवला आहे हे निश्चित.

पॉलिशची घरगुती परीक्षा

ही परीक्षा वस्तूच्या मागे किंवा खाली, न दिसणाऱ्या जागी करावी. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास दिवा, उदबत्ती, शेगडी नसावी. स्पिरिट व थिनर दोन्ही चटकन पेट घेतात.

१. प्रथम ती जागा सुक्या फडक्याने पुसावी. मेणाचा थर वाटल्यास टर्पेंटाइनच्या बोळ्याने तो काढावा.

२. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचे दोन-चार थेंब घेऊन अर्धा मिनिट दाबून धरावेत. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तपकिरी निघाला, तर पॉलिश चपड्याचे.

३. काहीच झाले नाही, तर शेजारी लॅकर थिनरचा बोळा लावावा. थर विरघळला, तर नायट्रोसेल्युलोज लॅकर.

४. दोन्हींना दाद दिली नाही, तर ते मेलामाइन, पीयू किंवा पूर्ण सुकलेले जुने तेलाचे व्हार्निश. व्हार्निश कालौघात पिवळसर होते व त्याला बारीक भेगा पडतात. मेलामाइन काचेसारखे एकसंध दिसते.

५. लाकडावर पापुद्राच नसेल, पाण्याचा थेंब काही वेळाने मुरून डाग पडत असेल, तर ते केवळ तेल पाजलेले लाकूड.

नोटा तपासण्याचा अतिनील दिवा हाताशी असेल, तर अंधारात तो पृष्ठभागावर धरावा. चपड्याचा थर नारिंगी छटेने उजळतो. दुरुस्त केलेला भाग वेगळ्या रंगाने उजळत असल्याने जोडही उघडे पडतात. चहाच्या कपाची पांढरी वर्तुळे हीसुद्धा चपड्याचीच खूण आहे, कारण पाणी व उष्णता त्याला सोसत नाही.

'जुने' बनवण्याची कला

जुन्या वस्तूला भाव आला, की नवी वस्तू जुनी करण्याचा धंदा येतोच. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने लाकूड तपकिरी करणे, साखळीने ठोकून खड्डे पाडणे, ड्रिलने किडीची भोके पाडणे हे त्यातील परिचित मार्ग. झीज कोठे आहे, यावरून खरे-खोटे कळते. खुर्चीचा हात जेथे तळवा टेकतो तेथे झिजतो. ड्रॉवर खालच्या धारेला झिजतो. कपाटाचा दरवाजा कडीभोवती काळवंडतो. सर्वत्र सारखी झीज असेल, तर ती माणसाने एका दुपारी केलेली असते.

किडीच्या भोकांबाबत एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सागाच्या गाभ्याला वाळवी व भुंगेरे सहसा लागत नाहीत. ते बाहेरच्या फिकट लाकडाला लागतात. संपूर्ण गाभ्यात भोकेच भोके असलेला 'साग' संशय घेण्याजोगा. खऱ्या भोकांत बारीक तार घातली, तर ती वळणे घेत जाते. ड्रिलचे भोक सरळ असते.

सर्वांत मोठी गफलत मात्र खोट्या लाकडाची नसून खऱ्या जुन्या लाकडाच्या नव्या वस्तूंची असते. नव्या टेबलाच्या पायावर कारण नसताना भरलेली चौकोनी खाच दिसली, तर तो पाय पूर्वी खांब किंवा चौकट होता. असे टेबल वाईट नव्हे. ते टिकाऊ असते, जंगलही वाचवते. पण ते प्राचीन म्हणून विकणे ही फसवणूक होय.

भूकंपाने शिकवलेला धडा

या जिल्ह्यांत जुन्या लाकडाचा विषय निघाला, की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवण टाळता येत नाही. किल्लारी परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा जड मातीचा थर यांनी जीव घेतले. लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी जेथे छताचा भार पेलला होता, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. तरीही लोकांच्या मनात जुन्या घराची धास्ती बसली, ते स्वाभाविकच होते. अनेक ठिकाणी सिमेंटची घरे आली आणि खांब, गणेशपट्ट्या, कोरीव चौकटी यांना घरात जागा उरली नाही.

त्या गावांत कोणते लाकूड कोणत्या घरातले, हे सांगणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. वस्तूबरोबर तिची हकिकत लिहून ठेवली नाही, तर पुढील पिढीच्या हाती नुसते लाकूड उरेल.

कायदा काय सांगतो?

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ (अंमल १९७६ पासून) यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही या व्याख्येत येते. म्हणजे शतकापूर्वीच्या वाड्याचा कोरीव खांब किंवा चौकट हीसुद्धा. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि अधिसूचित प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. आपली वस्तू त्यात बसते काय, याची विचारणा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी. शिसवाच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे. २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

लाकडाची जात ठरवण्याबाबत वाद असेल, तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची काष्ठविज्ञान संस्था येथे नमुना तपासून घेता येतो.

विकण्यापूर्वी, घासण्यापूर्वी

जुन्या वस्तूचे सर्वाधिक नुकसान वाळवी करत नाही. ते करतो घासकागद. यंत्राने घासून काढल्यावर हत्याराच्या खुणा, कडांची गोलाई, रंगवलेला क्रमांक आणि शतकभराचा गडद थर एका दिवसात नाहीसा होतो. नंतर कोणी कितीही पारखी आला, तरी त्याला वाचायला काही उरत नाही. चपड्याच्या पॉलिशची खुबी अशी, की ते नव्याने चढवण्यासाठी जुने खरवडावे लागत नाही. नवा थर जुन्यात मिसळून जातो. म्हणून जाणत्या पॉलिशवाल्याला 'घासू नका, साफ करून चपड्याचा हात द्या' एवढे सांगणे पुरते.

जुना तैलरंग काढताना विशेष काळजी घ्यावी. त्यात शिसे असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७ मध्ये अमलात आली, त्यापूर्वीच्या रंगांना ती लागू नव्हती. असा रंग सुका घासू नये, जाळू नये आणि लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

विकायचेच असेल, तर आधी चार छायाचित्रे काढावीत: दर्शनी बाजू, पाठ, एक सांधा आणि असल्यास क्रमांक. घरातील वयोवृद्धांना विचारून वस्तू कोणी, कोठून, कोणत्या प्रसंगी आणली ते कागदावर लिहावे आणि तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवावा. लग्नाचा रुखवत, वाटणीचा कागद, जुनी पावती यांत वस्तूचा उल्लेख असल्यास त्याची प्रत जोडावी. मग भाव दोघा-तिघांकडून घ्यावा, आणि घनफुटाचा भाव वस्तूला लावू देऊ नये. खांब घनफुटाने मोजता येतो. पण ज्या कपाटाच्या पाठीवर फसली सनाचा आकडा आहे, ज्याच्या कडीभोवती तीन पिढ्यांच्या बोटांनी लाकूड काळे केले आहे, त्याचे माप व्यापाऱ्याच्या फूटपट्टीवर नसते. ते ज्याच्या घरात आहे, त्यानेच ते आधी ओळखले पाहिजे.